फुफूचं वजन

अंबरीश खांबेटेला डायबेटिस झालेला नव्हता, होऊ घातला होता. हा फरक त्याच्या लेखी फार महत्त्वाचा होता. जी.पी.कडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातल्या, नर्सने ‘प्री-डायबेटिक’ म्हटल्यावर त्याने त्यातला ‘प्री’ तेवढा मनावर घेतला आणि घरी येऊन बायकोला ती बातमी अशा सुरात सांगितली, की जणू एखाद्या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत त्याचा नंबर लागलाय. वरदाने रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "उद्यापासून भात बंद."

भात बंद झाला. चहातली साखर बंद झाली. अंबरीशने आपल्या परीने त्यात आणखी भर घातली. संकष्टी आणि दोन्ही एकादश्या तो करतच असे, आता सोमवार आणि शनिवारही धरले. पुण्य पदरात पडेल आणि शुगरही उतरेल, असा त्याचा दुहेरी बेत होता. वरदाची थोरली बहीण सुहासिनीताई लीड्सला बरीच वर्षं हॉस्पिटलात डॉक्टर होती, आणि निवृत्त झाल्यापासून ती फोनवर डॉक्टर आहे. तिनेही "उपवास उत्तम" असा निर्वाळा दिला.

नर्सने एक अ‍ॅपही डाउनलोड करायला लावलं होतं. पोटात जाणारा प्रत्येक पदार्थ त्यात वजनासकट नोंदवायचा, की अ‍ॅप त्यातले कार्ब्स सांगणार. दंडावर बटणाएवढा एक सेन्सर चिकटवायचा, तो रात्रंदिवस शुगर मोजून फोनवर आलेख काढणार. मग डाएटिशियन हे दोन्ही बघून ठरवणार, की गोळ्या सुरू करायच्या की नाही. गोळ्या सुरू म्हणजे ‘प्री’ गेला. आणि ‘प्री’ गेला की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकाचं ताट आपल्यासमोरून न थांबता पुढे जाणार, हे अंबरीशला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा त्याने नोंदी करायला घेतल्या आणि त्या अशा केल्या, की अ‍ॅपलाही भरून यावं. इंग्लंडातल्या क्रॉयडनच्या एका विमा कंपनीत तो डेटा क्वालिटीचा माणूस होता. दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पोळी किती ग्रॅमची, फोडणीत तेल किती, काकडी सालासकट की सालाशिवाय, सगळं लिहिलेलं असे. उपवासाच्या दिवशी तर काम सोपंच होतं. तो ‘फास्ट’ असं लिही आणि पुढे टपोरं शून्य टाकी. ते शून्य बघून त्याचं त्यालाच बरं वाटे.

घोडं पेंड खात होतं ते गुरुवारी. गुरुवारी एफुआ ऑन्टींचा डबा येई.

एफुआ बोआटेंग म्हणजे शेजारच्या घरातल्या घानाच्या बाई. वय सत्तरीला टेकलेलं, नवरा मागेच गेलेला, मुलगे कॅनडात. त्यांचं सगळं चर्च त्यांना ऑन्टी म्हणे, म्हणून खांबेटेही म्हणत. एका दिवाळीत वरदाने त्यांना स्टीलच्या डब्यातून चकल्या पाठवल्या. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ऑन्टींच्या घरीही करत नाहीत, हे वरदाला ठाऊक नव्हतं. डबा मसालेदार जोलोफ राइस भरून परत आला, आणि सूप डब्यात मावेना म्हणून सोबत ऑन्टींचं एक पातेलंही आलं. आता पातेलं रिकामं कसं पाठवणार? वरदाने त्यात मसालेभात घातला. तेव्हापासून दोन्ही घरांची भांडी कुंपणावरून ये-जा करत होती आणि हे थांबवायचं कसं, ते कोणालाच माहीत नव्हतं. थांबवायचं होतं कोणाला म्हणा!

कारण ऑन्टींच्या हाताला चव होती. त्यांचं शेंगदाण्याचं सूप म्हणजे आपली दाण्याची आमटीच, फक्त तिखट घालताना कोणाची भीडभाड न ठेवलेली. कोंटोमिरे म्हणजे जवळजवळ अळूचं फदफदं, पण पाम तेलातलं. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे फुफू. कसावा नावाचा कंद आणि कच्ची केळी उकडून, कुटून, घोटून केलेला लुसलुशीत गोळा. हाताने लचका तोडायचा, सुपात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. इंग्लंडात इतकी वर्षं काट्या-चमच्याने सभ्यता सांभाळलेल्या अंबरीशला मनगटापर्यंत हात बुडवून जेवायला मिळे, ते फक्त या फुफूपायी. गुरुवार हा त्याचा सण होता.

त्याने अ‍ॅपमध्ये ‘फुफू’ लिहिलं. अ‍ॅपने विचारलं, तुम्हाला टोफू म्हणायचं आहे का? अंबरीशने नाही म्हटलं. अ‍ॅप म्हणालं, मग ‘इतर’ निवडा.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. ज्या माणसाने ऑफिसात ‘इतर’मध्ये माहिती ढकलणाऱ्या कित्येकांना फैलावर घेतलं, त्याने स्वतः ‘इतर’ निवडायचं? शिवाय वरदाने अट घातलीच होती. "एक तर त्या फुफूचा आकडा आण, नाहीतर डबा बंद. मी ऑन्टींना सांगेन काहीतरी." अंबरीशच्या पोटात गोळा आला, आणि तो फुफूचा नव्हता.

मग शोध सुरू झाला. अ‍ॅपवाल्यांच्या मदतकेंद्राने सांगितलं, की नवीन पदार्थासाठी पाकिटावरचा बारकोड स्कॅन करा. अंबरीशने कळवलं, की हा पदार्थ पाकिटातून येत नाही, ऑन्टींकडून येतो. मदतकेंद्राने उत्तर दिलं, की मग ऑन्टींचा बारकोड स्कॅन करा. इंटरनेटवर आकडे होते, पण एका ठिकाणी फुफू निरुपद्रवी होता आणि दुसऱ्या ठिकाणी दखलपात्र गुन्हा. कोणाचा फुफू मक्याचा, कोणाचा याम नावाच्या कंदाचा, कोणी कोरड्या पिठाचा आकडा दिलेला, कोणी शिजवलेल्याचा, आणि कोणी नुसताच दिलेला. शेवटी पश्चिम आफ्रिकेतल्या खाद्यपदार्थांचा एक भलामोठा तक्ता त्याला सापडला. कसाव्याचं मूळ, कसाव्याचं पान, कसावा उकडलेला, भाजलेला, आंबवलेला. सगळं होतं. ऑन्टींनी केलेला तेवढा नव्हता.

मंडळाचा सेक्रेटरी शशी हा अंबरीशचा जुना मित्र. जगात असा प्रश्न नाही, की ज्याचं उत्तर शशीकडे नाही, आणि असं उत्तर नाही की ज्याचा उपयोग झालाय. तो म्हणाला, "अरे, एवढं काय! उकडीचे मोदक म्हणून टाक ना. दिसायला तसंच आहे."

"शशी, मोदकात सारण असतं."

"मग सारण वजा कर. आणि ते नसेल जमत तर कौन्सिलच्या अन्न-तपासणी खात्याला फोन कर. कौन्सिल टॅक्स कशाला भरतो आपण?"

अंबरीशने खरोखरच फोन केला. तिकडचा माणूस अतिशय सज्जन होता.

"तुम्हाला हे अन्न खाऊन काही त्रास झाला का, सर?"

"छे छे, मुळीच नाही."

"अन्न विकत घेतलं होतं का?"

"नाही, शेजारच्या बाई देतात. दर गुरुवारी."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

अंबरीशने विचार केला. "तक्रार अशी नाही. फार चविष्ट असतं."

पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग त्या माणसाने सांगितलं, की तक्रारीत बसत नसल्यामुळे हे मी ‘कौतुक’ या सदरात नोंदवलं आहे, आणि हा तुमचा रेफरन्स नंबर. कौन्सिलच्या दप्तरी ऑन्टींच्या फुफूचं कौतुक रुजू झालं. कार्ब्स मात्र मिळाले नाहीत.

आता एकच मार्ग राहिला. रेसिपी थेट ऑन्टींनाच विचारायची. शुगरबद्दल त्याने त्यांना अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. होऊ घातलेल्या आजाराची दवंडी कशाला पिटायची? त्याने आपलं सहज म्हणून विचारलं.

"ऑन्टी, कसावा किती घेता?"

"पुरेल तेवढा."

"आणि पाणी?"

"तो मागेल तेवढं."

"शेंगदाणे तरी?"

"कोण जेवायला येणार आहे, त्यावर."

अंबरीशच्या आईची पद्धत अगदी हीच होती. आमटीत मीठ किती, असं विचारलं की ती म्हणायची, अंदाजाने. पण अंदाजाचं रूपांतर ग्रॅममध्ये करायची सोय अ‍ॅपमध्ये नव्हती, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. ऑन्टींनी हातातला डाव खाली ठेवला. ‘अंबरीश’ त्यांच्या जिभेला वळत नसे, त्या त्याला अ‍ॅम्ब्रोज म्हणत.

"अ‍ॅम्ब्रोज, माझं जेवण तुला बाधलं का?"

"छे! भलतंच काय ऑन्टी!"

त्या दिवशी डबा देताना ऑन्टींनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. साधा माणूस इथे थांबला असता. अंबरीशने मात्र घरी येऊन सापडलेल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढली आणि ठरवलं, की आता फक्त वजन अचूक हवं.

पुढच्याच गुरुवारी ऑन्टींचा सत्तरावा वाढदिवस होता, चर्चच्या हॉलमध्ये. म्हणजे जेवण तिकडे, आणि घरचा वजनकाटा इकडे. एक जेवण नोंदीवाचून जाणार, या विचाराने अंबरीशचा जीव टांगणीला लागला. त्याने आदल्या दिवशी खिशात मावेल एवढा काटा ऑनलाइन मागवला, दुसऱ्या दिवशी पोचेल असा. घाईत त्याने वर्णन पुरतं वाचलं नाही. तो काटा ज्यांना नीट दिसत नाही अशा लोकांसाठी होता. तो वजन बोलून सांगे. पण काटा आला तोच हॉलला निघताना, त्यामुळे खोकं गाडीत फोडलं आणि काटा तसाच कोटात गेला.

हॉल खचाखच भरला होता. बायकांनी असे कपडे घातले होते, की आपल्याकडच्या लग्नातल्या पैठण्यांनी मान खाली घालावी. ऑन्टी निळ्या-सोनेरी वेशात राणीसारख्या मिरवत होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या, "हे माझे शेजारी. माझं जेवण यांच्याइतकं प्रेमाने कोणी खात नाही." त्यांनी अंबरीशला पहिल्या टेबलावर बसवलं. ताटात प्लास्टिकच्या पातळ क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेला फुफूचा गोळा आला. अंबरीशला वाटलं, देवच पावला. गुंडाळलेला गोळा मांडीवर ठेवायला किती सोयीचा!

तेवढ्यात पास्टर प्रार्थनेला उभे राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. अंबरीशनेही मान खाली घातली, डोळे मात्र उघडे ठेवले. टेबलक्लॉथच्या आड काटा मांडीवर ठेवला, बटण दाबलं आणि त्यावर अलगद फुफू ठेवला. पास्टर म्हणाले, "हे प्रभो, आमच्या या भगिनीला तू आजवर काय दिलंस, ते आम्ही कसं मोजणार?" आणि क्षणभर थांबले.

त्या शांततेत टेबलाखालून एका अतिशय सुसंस्कृत इंग्लिश बाईचा आवाज आला. "फोर हंड्रेड अँड ट्वेल्व्ह ग्रॅम्स."

मागून कोणीतरी भक्तिभावाने म्हणालं, "आमेन."

अंबरीशची मुलगी ईशानी युनिव्हर्सिटीतून खास या पार्टीला आली होती. ती दात-ओठ खात आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत कुजबुजली, "बाबा, तुझा मशीन बोलतो आहे! बंद कर त्याला!"

अंबरीशने घाईघाईने बटण दाबलं. बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गुडबाय."

सगळा हॉल हसत सुटला. पास्टरांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हसल्या नाहीत त्या फक्त ऑन्टी. त्यांनी येऊन टेबलक्लॉथ वर केला. खाली अंबरीशच्या मांडीवर काटा होता आणि काट्यावर त्यांचा फुफू.

"माझ्या आईच्या घरी," त्या हळूच म्हणाल्या, "पाहुण्याचे घास कोणी मोजत नव्हतं. आणि आमच्या घरचे घास कुठला पाहुणाही मोजत नव्हता."

कोणाच्या पानातल्या पोळ्या मोजू नयेत, हे अंबरीशलाही लहानपणी रट्टे खाऊन शिकवलेलं होतं. त्याला लाज वाटली. अगदी मनापासून लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी दारात खांबेट्यांचा डबा होता. घासलेला, पुसलेला आणि रिकामा.

वरदाने तो उघडून बघितला आणि पुन्हा बंद केला. "तुला आकडा आणायला सांगितला होता," ती म्हणाली, "अब्रू घालवायला नव्हे." ‘डबा बंद’ ही मूळ मागणी तिचीच होती, याची तिला आठवण करून देण्याची हिंमत अंबरीशमध्ये नव्हती. गुरुवार सुना झाला. सुन्या गुरुवारी करायचं काय? त्याने दत्ताचा उपवास धरला आणि अ‍ॅपमध्ये आणखी एक टपोरं शून्य टाकलं. कुंपणापलीकडे ऑन्टी कपडे वाळत घालताना दिसत. "गुड मॉर्निंग ऑन्टी" म्हटलं, की "गुड मॉर्निंग, मिस्टर खांबेटे" असं उत्तर येई. अ‍ॅम्ब्रोज गेला, या दुःखात त्याला गोळ्यांची भीतीसुद्धा वाटेनाशी झाली.

आणि शुगर? फुफू बंद झाल्यावर ती उतरायला हवी होती. ती चढली.

डाएटिशियनचा व्हिडिओ कॉल आला. सारा नावाची तरुण, हसतमुख मुलगी होती. अंबरीशच्या शेजारी वरदा बसली होती, साक्षीदार म्हणून.

"मिस्टर खांबेटे, इतक्या सुंदर नोंदी मी आजवर पाहिल्या नाहीत," सारा म्हणाली. अंबरीशची मान ताठ झाली. "पण एक गंमत आहे. तुम्ही जेवता त्या दिवशी आलेखात टेकड्या दिसतात. आणि ‘फास्ट’ लिहिता त्या दिवशी डोंगर."

"तो आधीच्या फुफूचा परिणाम असणार," अंबरीश म्हणाला. "उशिरा दिसणारा."

"पण फुफू बंद होऊन काही आठवडे झालेत. फास्टच्या दिवशी तुम्ही काय घेता? फक्त पाणी?"

"पाणी, चहा आणि उपवासाचं."

"उपवासाचं म्हणजे?"

कोणी आपल्या संस्कृतीबद्दल आपणहून विचारलं, की अंबरीशला स्फुरण चढे. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि बटाटा घालून. दुपारी साजूक तुपावर परतलेले रताळ्याचे काप, जोडीला बटाट्याचा तळलेला चिवडा. संध्याकाळी वरईचा भात, आणि फारच गळून गेल्यासारखं वाटलं तर दोन साबुदाणे वडे. बोलता बोलता त्याने वड्याचा आकारही हाताने दाखवला.

साराने नोंदी पुन्हा वर-खाली चाळल्या. "आणि हे तुम्ही नोंदवलं नाही?"

"कसं नोंदवणार? त्या दिवशी मी जेवलेलोच नसतो!"

"हा साबुदाणा कशाचा करतात?"

ते खांबेट्यांच्या सात पिढ्यांत कोणी विचारलेलं नव्हतं. वरदा उठली, स्वयंपाकघरातून पिशवी घेऊन आली आणि मागची बारीक अक्षरं वाचू लागली. "टॅपिओका..." तिचा आवाज एकदम खाली आला. "मेड फ्रॉम कसावा."

ज्या कंदाच्या आकड्यासाठी अंबरीशने मदतकेंद्र, कौन्सिल आणि चर्च पालथं घातलं, तो कंद त्याच्याच कपाटात, गणपतीच्या फोटोखाली, पाच किलोच्या पिशवीत बसला होता. आणि आठवड्यातून तीन-तीनदा बटाट्याला सोबत घेऊन, शून्य म्हणून त्याच्या पोटात जात होता.

"फुफू काही साधुसंत नाही," सारा शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाली. "पण तुमच्या शेजारीण बाई सोबत पालेभाजी देतात, शेंगदाण्याचं सूप देतात. अर्धा फुफू आणि दुप्पट पालेभाजी, मला चालेल. उपवास मात्र ताबडतोब बंद करा. तब्येतीला झेपणार नाहीत." एवढं बोलून तिने कॅमेरा बंद केला. आवाज बंद करायला ती विसरली, त्यामुळे तिचं हसणं खांबेट्यांना शेवटपर्यंत ऐकू आलं. सुहासिनीताईला फोनवर कळवलं तेव्हा ती ओरडली, "मी उपवास करायला सांगितला होता रे, फराळ नव्हे!"

त्याच संध्याकाळी अंबरीशने ऑन्टींची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. नर्स, शुगर, अ‍ॅप, गोळ्यांची भीती, शून्य, साबुदाणा. काही लपवलं नाही.

साखळी निघाली.

"म्हणजे," ऑन्टी एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "तू स्वतःच्या घरात कसावा खात होतास. बटाटा घालून. तळून. देवाच्या नावाने. आणि लिहीत होतास शून्य?"

"हो ऑन्टी."

"आणि वजन माझ्या फुफूचं करत होतास?"

"हो ऑन्टी."

ऑन्टी आधी भिंतीला टेकल्या, मग जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसू ओसरल्यावरही त्या डोळे पुसतच राहिल्या.

"माझा नवरा गेल्यापासून मला एकटीपुरतं रांधता येत नाही, अ‍ॅम्ब्रोज. पातेलं लहान घेतलं, पण हात लहान होत नाही. तू खातोस म्हणून मी गुरुवारी चूल पेटवत होते. मला वाटलं, आता यालाही माझं अन्न नकोसं झालं. तुझा आजार मला सांगितला असतास, तर मी काय विष घालणार होते? निम्मं वाढलं असतं."

अंबरीशचे डोळे भरून आले. कार्ब्स, वजन, सरासरी सगळं त्याला त्या क्षणी अत्यंत क्षुद्र वाटलं. बोलायला शब्द नव्हते. मराठी माणसाला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. तो वाकला आणि त्याने ऑन्टींच्या पायांना हात लावला.

आता, ऑन्टींचा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंट सांभाळण्यात गेलेला. शुगरचा पेशंट बोलता बोलता गप्प होतो, डोळ्यांत पाणी येतं आणि तो पुढे कोसळतो, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. "जीझस! शुगर उतरली!" असं ओरडून त्यांनी अंबरीशला बखोटीला धरून खाली बसवलं, त्याचं डोकं गच्च धरलं आणि फ्रिजमधलं माल्टचं गोड पेय बाटलीभर त्याच्या घशात ओतलं. तो "ऑन्टी, नमस्कार... नमस्कार..." म्हणत होता. हे बरळणं आहे, असं समजून त्यांनी वर चार चमचे साखर चारली.

नंतरच्या कॉलला सारा फार खूश होती. सोमवार सपाट, शनिवार सपाट, गुरुवारी पालेभाजीची छोटीशी टेकडी. गोळ्यांची गरज नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. "फक्त इथे," तिने आलेखावर बोट ठेवलं, "मागच्या कॉलच्या दिवशीच संध्याकाळी हा एवढा मोठा सुळका आहे, मिस्टर खांबेटे. नोंद काहीच नाही. काय केलं होतंत?"

"नमस्कार केला होता," अंबरीश म्हणाला.